होळीची पौर्णिमा आणि पास्काचा चंद्र

२०२४ साली २४ मार्च रोजी आपण झावळ्यांचा रविवार पाळला. त्याच दिवशी फाल्गुन पौर्णिमा होती आणि संध्याकाळी महाराष्ट्रभर होळ्या पेटल्या. २०२१ साली २८ मार्च रोजीही असेच घडले होते. २००८ साली तर प्रभूच्या दुःखसहनाचा शुक्रवार आणि होळी हे दोन्ही दिवस २१ मार्च या एकाच तारखेस आले. मुंबई किंवा वसईकडील भाविकांना हा पंचांगातील एक योगायोग वाटला असेल. वर्तमानपत्रांतूनही त्याकडे त्याच कौतुकाने पाहिले गेले. नंदुरबार जिल्ह्यातील आपल्या आदिवासी ख्रिस्ती बांधवांपुढे मात्र अशा वर्षी एक खराखुरा प्रश्न उभा राहतो. सकाळी हाती झावळी घेऊन ज्याने 'होसान्ना' म्हटले, त्याने त्याच रात्री सातपुड्याच्या वाटेने काठीच्या होळीला जावे की जाऊ नये? त्याची आई, त्याचा भाऊ, त्याचे सारे गणगोत तिकडे निघालेले असते. ढोल त्याच्या अंगणातूनच गेलेला असतो.

कोरीट, नंदुरबार, तळोदा, धडगाव या भागातील मोजक्या कॅथलिक कुटुंबांना हा प्रश्न पडतो, परंतु त्याचे उत्तर साऱ्या धर्मप्रांताने समजून घ्यावे असे आम्हांस वाटते. म्हणून प्रथम पंचांगाविषयी, मग सणांविषयी, आणि शेवटी ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीविषयी येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

एकच चंद्र

पुनरुत्थानाचा सण दर वर्षी निरनिराळ्या तारखेस का येतो हे आपल्यापैकी पुष्कळांना धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितले गेले असेल आणि पुष्कळांच्या ते स्मरणातून गेलेही असेल. सर्व ख्रिस्तसभेने हा सण एकाच रविवारी साजरा करावा, असे ३२५ साली नायसियाच्या विश्वपरिषदेने ठरविले. पुढे रूढ झालेल्या नियमाप्रमाणे २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा पास्काचा रविवार होय. म्हणजे आपला सर्वात मोठा सण चंद्रावर चालतो. इस्राएली लोकांचा वल्हांडण चंद्रावर चालत असे, आणि प्रभूने आपले शेवटचे भोजन वल्हांडणाच्या दिवसांत केले, तेव्हा हे स्वाभाविकच आहे.

होळीही पौर्णिमेचीच. सामान्य वर्षी फाल्गुनातील पौर्णिमा २१ मार्चच्या आधी येऊन जाते. आपला सण तिच्या पुढच्या, चैत्रातील पौर्णिमेनंतर येतो. त्यामुळे होळी आपल्या उपवासकाळाच्या मध्यावर पडते. परंतु ज्या वर्षी अधिक मासामुळे पंचांग पुढे सरकलेले असते, त्या वर्षी फाल्गुनातील पौर्णिमाच २१ मार्चनंतर येते आणि होळीचा चंद्र तोच पास्काचा चंद्र ठरतो. २०२० साली अधिक आश्विन होता, म्हणून २०२१ साली असे झाले. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून २०२४ साली. २०१९ साली मात्र गंमत झाली. ख्रिस्तसभेच्या कोष्टकातील पौर्णिमा २० मार्चला, म्हणजे केवळ एक दिवस अलीकडे पडली आणि आपला सण पुरा महिनाभर लांबून २१ एप्रिलला आला.

सारांश, होळी कधी पवित्र सप्ताहात येते, एरवी उपवासकाळात. उपवासकाळाबाहेर ती जवळजवळ येतच नाही. हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, तो असा.

घरी येण्याचा सण

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील शंभरांपैकी सुमारे एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी आणि इतर. उत्तरेस सातपुड्याचे डोंगर, मध्ये तापीचे पात्र, आणि दक्षिणेस नंदुरबार तालुक्याची सपाटी. कोरीट हे गाव या तालुक्यातले. थंडीत नंदुरबार शहराच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या दिसतात. दूरवरून पाहिले तर लाल वस्त्र अंथरल्यासारखे वाटते. जवळ गेले की नाक-डोळ्यांतून पाणी येते आणि त्या पथारीवर दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाया दिसतात.

कोरडवाहू शेतीचे दाणे वर्षभर पुरत नाहीत. म्हणून दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत, सुरत-बारडोलीकडे जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत पडावावरून हलता येत नाही. लेकरे बरोबर असतात, शाळा मागे राहते.

आता आपल्या उपासनेच्या वर्षाकडे या कुटुंबांच्या बाजूने पाहावे. आगमनकाळ सुरू होतो तेव्हा ती उसाच्या फडात असतात. नाताळची रात्र पडावावरच्या पाचटाच्या झोपडीत जाते. भस्म बुधवारी त्यांच्या कपाळी राख लावणारे कोणी नसते. आणि पास्काच्या जागरणाच्या रात्रीही ती बहुधा फडातच असतात, कारण हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. या साऱ्या महिन्यांत एकच वेळ अशी असते की मुकादमालाही माणसे अडवून धरता येत नाहीत, ती म्हणजे होळी. होळीला सातपुड्याचा माणूस घरी येतो. ट्रकच्या टपावर बसून येईल, उसने पैसे घेऊन येईल, पण येईल.

तेव्हा ज्या धर्मग्रामात होळीच्या आठवड्यात चर्चचे दार बंद असते व धर्मगुरू 'हे दिवस गोंधळाचे' म्हणून शहरात थांबतात, तेथे नोव्हेंबर ते मे या सहा-सात महिन्यांत या कुटुंबांची व ख्रिस्तसभेची भेटच होत नाही. होळी हा आपला सण नव्हे हे म्हणणे सोपे आहे. पण आपले लोक त्याच दिवशी घरी असतात हेही तितकेच खरे आहे.

भोंगऱ्या, दांडा आणि पालनी

होळीपूर्वीच्या आठवड्यातील बाजारांना भोंगऱ्या बाजार म्हणतात. धडगावचा बाजार प्रसिद्ध आहे. डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार-कंगन, घुंगरू, नवे कापड यांची खरेदी होते, पाड्यापाड्यांचे ढोल एकत्र येतात आणि लोक फेर धरतात. शहरी वर्तमानपत्रांनी या बाजाराविषयी 'पळून जाऊन लग्न करण्याचा मेळा' अशी एक चटकदार कथा वर्षानुवर्षे छापली. आदिवासी समाजातील जाणत्या मंडळींनी तिचा वारंवार निषेध केला आहे. हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे, एवढेच त्यांचे सांगणे. आपल्या ख्रिस्ती नियतकालिकांनीही ती कथा पुन्हा छापू नये, अशी आमची नम्र विनंती आहे.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावची राजवाडी होळी ही या साऱ्या डोंगरातील मानाची होळी. तिची परंपरा १२४६ सालापासूनची आहे असे तेथे सांगितले जाते. साठ-सत्तर फुटांचा सरळ बांबू जंगलातून आणून त्याचा दांडा उभा करतात. त्यासाठीचा खड्डा हत्याराने न खणता हातांनी उकरण्याची रीत आहे. दांड्याला आंब्या-जांभळाचा पाला व साखरेचे हार बांधले जातात. रात्रभर ढोल वाजतात, हजारो माणसे नाचतात आणि होळी पेटते ती मध्यरात्रीही नव्हे, पहाटे. काठीनंतर इतर गावांच्या होळ्या व मेळे पुढे कित्येक दिवस एकामागून एक होत राहतात.

या नृत्यात बुध्या असतात. अंगभर पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरू व सुकलेले भोपळे. छायाचित्रकार यांच्याच मागे धावतात. परंतु छायाचित्रात जे दिसत नाही ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. बुध्या होणारा मनुष्य त्याआधी काही दिवस पालनी पाळतो. तो खाटेवर झोपत नाही, भुईवर झोपतो. पत्नीपासून दूर राहतो. स्वतःचे अन्न स्वतः शिजवतो. अंगाला पाणी लावीत नाही. नवस स्वतःचा असतो, पण पुष्कळदा तो मुलाच्या आजारासाठी, गुरांसाठी, गावाच्या पावसासाठी बोललेला असतो. होळीचा विधी संपल्यावर स्नान करून तो आपले व्रत सोडतो.

ज्याने उपवासकाळाचा अर्थ समजून घेतला आहे, अशा कोणाही ख्रिस्ती माणसाने हे वाचून क्षणभर थांबावे. पालनी प्रभू येशूसाठी केलेली नसते, हे खरे. पण शरीराला आवर घातल्याशिवाय सणाच्या अग्नीपुढे जाऊ नये, ही जाणीव ज्या समाजात आजही जिवंत आहे, त्या समाजाला उपवासकाळ शिकवणे कठीण नाही. कठीण आहे ते आपल्या शहरी धर्मग्रामांत, जेथे चाळीस दिवसांचा उपवास आता दोन दिवसांवर व शुक्रवारच्या मासळीवर आला आहे.

वर्षाचा बाकीचा फेरा

होळी हा वर्षातील एकच सण नव्हे. महाशिवरात्रीच्या सुमारास गुजरातेतील देवमोगरा येथे याहामोगी मातेची यात्रा भरते व नंदुरबारकडील लोक धान्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन तिकडे जातात. पाऊस पडून रान हिरवे झाले की निलचारी येते. रानातील नवी भाजी तिच्या आधी खायची नाही असा दंडक आहे. पावसाळ्यातच मावची व कोकणी गावांत वाघदेवाची पूजा होते, गुरे व गुराखी सुखरूप राहावेत म्हणून. पीक हाती आले की नवाई: नवे धान्य आधी देवाला व पूर्वजांना, मग घराला. दिवाळीत तरुण मंडळी अस्तंब्याच्या डोंगरावर अश्वत्थाम्याच्या यात्रेला चढतात.

मार्गशीर्ष पौर्णिमेस शहादे तालुक्यातील सारंगखेडे येथे एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते व तापीकाठी देशभरचे घोडे विक्रीस येतात. ती बहुधा नाताळच्या आसपासच असते. २०१५ साली दत्तजयंती २४ डिसेंबरलाच होती. ही यात्रा आदिवासींपुरती नाही, साऱ्या खानदेशाची आहे.

यांतील निलचारी व नवाई यांकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. पहिले पीक देवासमोर ठेवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, हा नियम लेवीय व अनुवाद या पुस्तकांत परमेश्वराने आपल्या लोकांना दिलेला आहे. पहिल्या फळांची टोपली याजकाच्या हाती देताना इस्राएली शेतकऱ्याने आपल्या पूर्वजांची हकीकत सांगावी, असेही तेथे सांगितले आहे. सातपुड्यातील शेतकरी जे करतो ते त्याला बायबलमधून शिकवावे लागलेले नाही.

एका कॅटलन शहरातून

आता थोडे दूरचे. पहिल्या महायुद्धात जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंना मुंबईचे मिशन सोडावे लागले. त्यानंतर १९२० च्या दशकात हे मिशन स्पेनमधील येशूसंघीयांच्या हाती आले व त्यांतील पुष्कळजण कॅटालोनिया प्रदेशातले होते. इतिहासकार फादर हेन्री हेरास हे बार्सेलोनाचे. मनमाडच्या दुष्काळी शेतकऱ्यांबरोबर विहिरी खणणारे व्हिसेंट फेरर हेही बार्सेलोनाचे. १९६८ साली त्यांना देश सोडण्यास सांगण्यात आले तेव्हा हजारो शेतकरी पायी मुंबईस निघाले होते. परत येऊन त्यांनी पुढचे आयुष्य अनंतपूरला काढले व २००९ साली तेथेच देह ठेवला. १५ मे १९८७ रोजी नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला व नंदुरबार त्यात आले. कोरीट रस्त्यावर ज्याचे ठिकाण आहे ते येशूसंघाचे जनसेवा मंडळही या दीर्घ परंपरेतीलच एक काम.

ज्या मुलखातून हे धर्मगुरू आले, तो मुलूख अग्नी व ढोल यांना परका नाही. कॅटालोनियातील मान्रेसा हे शहर येशूसंघाला विशेष प्रिय आहे, कारण १५२२ साली संत इग्नाती तेथे आले व सुमारे अकरा महिने राहिले; तेथील गुहेत त्यांनी केलेल्या प्रार्थनेतून 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाचा पाया घातला गेला. त्या मान्रेसा शहराचा स्वतःचा सण आहे २१ फेब्रुवारीचा, प्रकाशाचा सण. त्याची कथा दुष्काळाची आहे. चौदाव्या शतकात पाण्यावाचून शहर होरपळत होते. १३३९ साली राजाने योब्रेगात नदीतून कालवा आणण्यास परवानगी दिली. परंतु कालवा विक येथील महागुरुस्वामींच्या अधिकारातील जमिनीतून जाणार होता. त्यांनी नकार दिला, आणि शहर ऐकेना तेव्हा शहरावर धर्मबंदी घातली. १३४५ च्या २१ फेब्रुवारीला मोंत्सेर्रात डोंगराच्या दिशेने एक प्रकाश आला, कार्मेल मातेच्या चर्चमध्ये शिरला, त्याचे तीन झाले व पुन्हा एक झाला, असे परंपरा सांगते. त्याच वर्षी नव्या महागुरुस्वामींनी समेट केला. सव्वीस किलोमीटरचा तो कालवा १३८३ पर्यंत पुरा झाला व आजही शहराला पाणी देतो.

महागुरुस्वामींची चूक होती हे आठवणीत ठेवणारा सण ख्रिस्तसभा चर्चमध्येच साजरा करते, हे आम्हांस त्या सणाचे फार मोठे भूषण वाटते. आणि पाण्यासाठी तळमळणाऱ्या लोकांच्या बाजूने देव उभा राहिला, ही त्या लोकांची श्रद्धा नंदुरबारच्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच प्रदेशात बेर्गा नावाचे गावाएवढे शहर आहे. तेथे ख्रिस्तदेहाच्या सणाच्या आठवड्यात 'ला पातुम' होते. एक मोठा ढोल, त्याच्या ठोक्यावर नाचणारे महाकाय पुतळे, गरुड, आणि शेवटी चौकातील दिवे मालवून, हिरव्या वेलींनी अंग झाकलेले व डोक्यावर फटाके पेटवलेले सैतान. मध्ययुगातील पवित्र साक्रामेंताच्या मिरवणुकीतून हे निघाले. युनेस्कोने २००५ साली त्याचा गौरव केला. शिवाय २३ जूनच्या रात्री, संत योहान बाप्तिस्ताच्या जन्मोत्सवाच्या पूर्वसंध्येस, गावोगाव होळ्या पेटतात. १९५५ पासून पिरेनीज पर्वतरांगेतील कानिगो शिखरावर ज्योत पेटवली जाते आणि तेथून ती गावोगावच्या होळ्यांसाठी वाहून नेली जाते. वर्षातील सर्वात मोठ्या दिवसाच्या सुमारास अग्नी पेटवण्याची युरोपातील शेतकऱ्यांची रीत ख्रिस्ती धर्माहूनही जुनी मानली जाते. ख्रिस्तसभेने ती विझवली नाही. प्रभूहून सहा महिन्यांनी वडील असलेल्या योहानाचा सण लूकच्या शुभवर्तमानाच्या आधारे त्याच दिवसांत येतो. अग्नी राहिला, त्याला नाव मिळाले.

येथे एक दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आज त्या होळ्यांभोवती नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना रविवारच्या मिस्साची सवय उरलेली नाही. तेथे सण टिकला आणि श्रद्धा पातळ झाली. म्हणून 'सण सांभाळा म्हणजे सर्व सांभाळले' असे आम्ही म्हणणार नाही.

ख्रिस्तसभा काय सांगते

६०१ साली संत ग्रेगरी पोप यांनी इंग्लंडकडे निघालेल्या मेलितुस या मठाधिपतींना एक पत्र लिहिले. तेथील लोकांची देवळे पाडू नका, त्यांतील मूर्ती काढून ती देवळे शुद्ध करून घ्या. आणि ज्या दिवशी ते बैल कापून मेजवानी करीत, त्या दिवशी हुतात्म्यांचा सण ठेवून चर्चभोवती डहाळ्यांचे मांडव घालून त्यांना जेवू द्या, असा त्याचा आशय होता. डोंगर चढणारा उड्या मारीत नाही, पायरी पायरीने चढतो, हे त्यांनी दिलेले कारण.

हे शहाणपण नेहमीच पाळले गेले असे नाही. चीनमधील पूर्वजांच्या सन्मानाचे विधी ख्रिस्ती लोकांना अठराव्या शतकात मना करण्यात आले व ती मनाई सैल होण्यास १९३९ साल उजाडले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात स्पष्ट केले की लोकांच्या रीतींत जे अंधश्रद्धेशी अतूटपणे जोडलेले नाही, त्याचा ख्रिस्तसभा आदराने विचार करते व शक्य तेथे ते उपासनेतही घेते. भारतात १९६९ साली बारा मुद्द्यांना रोमची संमती मिळाली. आरती, भुईवर बसून उपासना, पंचांग प्रणाम ही त्यांचीच देणगी. ती सारी बहुतांशी संस्कृत व हिंदू उपासनेच्या वळणाची होती, हेही येथे नमूद करणे योग्य होईल. आदिवासी भाविकाला समई जितकी परकी, तितकीच मेणबत्ती. त्याचा ढोल अद्याप वेशीबाहेरच आहे. २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी ॲमेझॉन प्रदेशाविषयीच्या प्रबोधनपत्रात म्हटले की आदिवासींचे एखादे प्रतीक स्वीकारणे म्हणजे लगेच मूर्तिपूजा ठरत नाही, आणि आध्यात्मिक अर्थाने भारलेली पुराणकथा नेहमीच मूर्तिपूजकांचा प्रमाद मानू नये.

मर्यादा कोठे, याचे उत्तर संत पौलाने करिंथकरांना दिलेले आहे. मूर्तीला वाहिलेले मांस बाजारात येई. ख्रिस्ती माणसाने ते खावे का? पौलाचे उत्तर दोन पदरी आहे. मांसात काही दोष नाही, शेजाऱ्याच्या घरी बोलावणे आले तर जा व वाढतील ते खा. परंतु वेदीवरच्या यज्ञात वाटेकरी होऊ नका, आणि तुमच्या खाण्याने दुर्बळ बंधूचा विवेक दुखावत असेल तर तेवढ्यापुरते आवरा.

हाच धडा काठीच्या वाटेवर चालतो. भोंगऱ्या बाजारात जाणे, ढोल वाजवणे, फेरात नाचणे, हार-कंगन घेऊन सासरी जाणे, नातलगांच्या पंगतीला बसणे, यांत ख्रिस्ती माणसाचे काही बिघडत नाही. देवतेला नवस बोलणे, बळी देणे, बुध्या होऊन व्रत फेडणे हे आपण करीत नाही. कारण आपला नवस आपण क्रुसावरील प्रभूपाशी बोलतो. मोहाच्या दारूविषयी आम्ही वेगळे काही सांगत नाही. ती होळीला जितकी वाईट, तितकीच नाताळच्या रात्री वाईट, आणि नाताळच्या रात्रीची दारू आपल्या किनारपट्टीवरील धर्मग्रामांनाही ठाऊक आहे. पवित्र सप्ताहात होळी आली तर प्रभूभोजनाच्या गुरुवारपासून नाच-मेळ्यांपासून दूर राहावे. हे आमचे मत. अंतिम शब्द अर्थातच धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचा.

काही जण म्हणतील, एवढा विचार कशाला, ख्रिस्ती झाल्यावर जुने सोडून द्यावे. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धर्मांतर केलेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, अशी मागणी गेली काही वर्षे मोर्चे काढून केली जात आहे. संविधानाखाली काढलेल्या जमातींच्या यादीस धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींच्या यादीस आहे. परंतु मागणी करणाऱ्यांचा मुख्य आरोप हाच की ख्रिस्ती झालेला आदिवासी आपली रूढी सोडतो व आदिवासी राहत नाही. जो धर्मगुरू आपल्या भाविकांना गावच्या ढोलापासून तोडतो, तो नकळत या आरोपाला पुरावा पुरवतो. बाप्तिस्म्याने मनुष्य ख्रिस्ताचा होतो. तो भिल्ल, पावरा वा मावची असायचा थांबत नाही.

धर्मग्रामात काय करता येईल

होळीचा आठवडा हा घरी आलेल्या ऊसतोड कुटुंबांसाठी पापनिवेदनाचा व मिस्साचा आठवडा ठरवावा. भस्म बुधवारी जे नव्हते, त्यांच्या मस्तकी राख लावता येणार नसली तरी त्यांना उपवासकाळाचा अर्थ त्या दिवसांत सांगता येतो, आणि पालनीचे उदाहरण घेऊन सांगितला तर तो अधिक लवकर उमगेल. मुलांचे बाप्तिस्मे, लग्नाच्या नोंदी, आजाऱ्यांच्या भेटी हे सारे याच दिवसांत उरकावे. पडावावर गेल्यावर ते राहून जाते.

निलचारी व नवाईच्या वेळी नवी भाजी व नवे धान्य टोपलीत घालून रविवारच्या मिस्सात वेदीपुढे आणावे. धर्मगुरूंनी ते आशीर्वादित करावे आणि घरातील वडीलधाऱ्या माणसाने, इस्राएली शेतकऱ्याप्रमाणे, आपल्या आजे-पणज्यांची नावे घेऊन देवाचे आभार मानावेत.

पास्काच्या जागरणाची सुरुवात आपण अंधारात नवा अग्नी पेटवून करतो. हा विधी शतकानुशतके शनिवारी सकाळी लख्ख उजेडात उरकला जात असे. पोप पायस बारावे यांनी १९५१ साली तो पुन्हा रात्रीला नेला. नंदुरबारकडे तो चर्चच्या दारातील एका शेगडीत का पेटावा? अंगणात लाकडे रचावीत, ढोल असावा, आणि त्या अग्नीवर पास्काची मेणबत्ती लावून लोकांनी आत यावे. उपासनेचा एकही नियम याने मोडत नाही.

२०२६ साली पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे. म्हणून २०२७ साली झावळ्यांचा रविवार २१ मार्च रोजी असून होळीही त्याच संध्याकाळी आहे. पुनरुत्थानाचा सण २८ मार्च रोजी. काठीच्या होळीला जाणारी वाहने दुपारनंतर निघू लागतील, तेव्हा झावळ्यांची मिरवणूक व मिस्सा सकाळी आठच्या आत ठेवलेली बरी. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे त्या आठवड्यात घरी असतील, आणि परतीची गाडी कोणत्या दिवशी आहे हे मुकादमाला आधी विचारून ठेवले, तर त्यांतील काहींना गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीपर्यंत थांबवताही येईल.